चार नंबरच्या खाटेची फाइल

१

कपाटात एकतीस फायली होत्या. बत्तिसावी नव्हती.

"नसायला काय झालं? असेल इथंच कुठंतरी," असं म्हणत डॉक्टर ब्रेनेस खालच्या फळीपाशी वाकले. मग टाचा उंचावून वरची फळी पाहिली. मग टेबलाचे खण एकेक करून उपसले.

नोएमी सेलेदोन खुर्चीत बसून त्यांची धांदल पाहत होती. बावीस वर्षं नर्सची नोकरी आणि नंतरची नऊ आरोग्य खात्यात तपासनिसाची. खरंच शोधणारा माणूस आणि शोधण्याचं सोंग करणारा माणूस यांतला फरक तिला पाठमोऱ्या माणसातही कळायचा. डॉक्टर खरंच शोधत होते. कपाळावर घाम आला होता, आणि डिसेंबरचा वारा तर असा की अंगातला स्वेटर काढवत नव्हता.

सांता रोसालियाच्या टेकडीवर, कॉफीच्या मळ्यांच्या माथ्यावर, हे सहा खाटांचं घर होतं. इथे बरं व्हायला कोणी येत नसे. ज्यांच्यापुढे मोठ्या इस्पितळांनी हात टेकले, त्यांचे राहिलेले दिवस कमी दुखण्याचे जावेत म्हणून नातेवाईक त्यांना इथे आणत. अशा घरांचं काम नीट चाललंय का ते पाहायचं, आणि मॉर्फिन ठेवण्याचा परवाना चालू ठेवायचा की नाही ते लिहायचं, एवढंच नोएमीचं काम. पण त्या 'एवढंच'वर सगळं खोरं अवलंबून होतं. या घराचा परवाना गेला, तर पुढचं मॉर्फिन घाट उतरून राजधानीत.

"कोणाची फाइल नाही म्हणालात?" तिने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"त्या हाडांच्या कॅन्सरची. गेल्या सोमवारी पहाटे गेला तो." डॉक्टरांनी रुमालाने कपाळ पुसलं. "डोन्या नोएमी, तुम्ही आगाऊ कळवून आला असतात, तर सगळं काढून ठेवलं असतं."

"म्हणून तर कळवलं नाही."

तिच्या पर्समध्ये घडी घातलेला कागद होता. पाच दिवसांपूर्वी खात्यात आलेला, खाली सही नसलेला. त्यात तीनच वाक्यं होती: 'चार नंबरच्या खाटेवर एक माणूस तीन दिवस तळमळला. आम्ही सगळे बघत होतो. तिथल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका.'

२

आकडे भिंतीवरच होते. डॉक्टरांनी मोठ्या अभिमानाने फलक दाखवला. सहा खाटांचे सहा रकाने, आणि त्यांत रंगीत टाचण्या. प्रत्येक पाळीला नर्स रोग्याला विचारायची, दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे यापेक्षा मरण बरं. सातच्या वर लाल टाचणी, चारच्या वर पिवळी, खाली पांढरी.

"वर्षभरात एकही लाल टाचणी एका दिवसापेक्षा जास्त टिकलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "राजधानीतले लोक फोटो काढून नेतात याचे."

"आणि हाडांचा कॅन्सर?"

"शेवटचे चार दिवस पांढरी. मी स्वतः रोज सही केलीय."

फाइल गेली तरी औषधांची नोंदवही जागेवर होती. नोएमीने ती उघडली. रोग्याचं नाव मानाचं 'डॉन' लावून लिहिलेलं: डॉन एवेलियो मोंखे, वय एकाहत्तर. बुधवारपर्यंत दर चार तासांनी मॉर्फिन. गुरुवार सकाळपासून काही नाही. शेरा एकच: 'वेदना ३. गरज नाही.' शुक्रवार तसाच, शनिवार तसाच. रविवारी दुपारी तीनला एकदम मोठा डोस. सोमवारी पहाटे मृत्यू.

तिने वही डॉक्टरांकडे वळवली. "डॉक्टर, हाडांतलं दुखणं बुधवारी रात्री कपडे बदलून निघून जातं का हो?"

डॉक्टरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चेहऱ्यावरचा अभिमान हळूहळू उतरला.

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"रोज पाहत होतो की."

"फलक पाहत होता की माणूस?"

बाहेर मळ्यात कॉफी वेचणाऱ्या बायकांचा हसण्याचा आवाज आला.

"नोंद कोणाच्या हातची आहे?"

"हासिंताची," डॉक्टर म्हणाले. "आणि ती खोटं लिहिणारी नाही. तिचे बाकीचे रोगी बघा. आठ, पाच, सात. जे असेल ते लिहिते. मग या एकाच माणसापुरतं खोटं का लिहील?"

नोएमीलाही तेच कळत नव्हतं.

३

कुठल्याही घराचं खरं-खोटं पाहायचं तर आधी स्वयंपाकघरात जावं, हा नोएमीचा जुना नेम. इथलं स्वयंपाकघर डोन्या चेपाचं. साठीची, ठेंगणी, कमरेला घट्ट एप्रन. स्वयंपाक आणि धुणं दोन्ही तिच्याच अंगावर. तिने नोएमीपुढे मक्याची भाकरी आणि काळ्या घेवड्याचा भात आदळला.

"आधी खा, मग विचारा. रिकाम्या पोटी माणूस वाईटच लिहितो."

"वाईट लिहिण्यासारखं आहे काय इथं?"

"मीठ जास्त झालं असेल तर लिहा." चेपाने पेल्यात गुळाचं गरम पाणी ओतलं. "डॉन एवेलियोला हे फार आवडायचं. दोन-दोन पेले मागायचा. गुरुवारपासून मात्र भरलेला पेला तसाच परत यायला लागला."

"मनात नसेल."

"मनात होतं हो. हातात पेला धरवत नव्हता."

हे बोलून गेल्यावर तिने ओठ आवळले आणि उगाच ओटा पुसायला लागली. जेवता जेवता तिची नजर फिरत होती. चुलीशेजारी खिळ्यावर किल्ल्यांचा जुडगा होता. फळीवर इस्त्री केलेल्या उशांच्या खोळी रचलेल्या होत्या. सगळ्या पांढऱ्याशुभ्र. एकीच्या कोपऱ्याला मात्र ताजं ठिगळ.

"ही कशानं फाटली?"

"उंदीर."

"तुमच्या घरात उंदीर, डोन्या चेपा?"

तिला ते लागलं. तेहतीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईला हा आरोप सोसण्यासारखा नव्हता. तिने खोळ घेतली, ठिगळावरून अंगठा फिरवला.

"दातांनी फाटली. माणसाच्या." तिचा आवाज खाली आला. "ओरडायला नको म्हणून तोंडात धरायचा. मी हात धरून बसायचे. मुलीला पत्र लिहिल्यासारखं काहीतरी पुटपुटत राहायचा. बाई, एक सांगा. तुम्ही हे त्या पोरीला सांगणार नाही ना?"

"कोणत्या पोरीला?"

"त्याच्या. ग्रिसेलला. या शुक्रवारी इथंच, तुमच्या जागी बसून कॉफी घेतली तिनं. बापाच्या फाइलची नक्कल मागायला आली होती. डॉक्टर राजधानीला गेलेले, हासिंताची सुट्टी. म्हटलं, नंतर ये."

नोएमीने ताट बाजूला सारलं. घर बंद पडेल का, असं चेपाने विचारलं नव्हतं. हासिंताची नोकरी जाईल का, हेही नाही.

४

हासिंता कास्कान्ते दुपारी दोनला कामावर आली. तिशीची, किडकिडीत, डोळ्यांखाली काळं. नोएमीने तिला मागच्या पायरीवर गाठलं आणि काही न बोलता घडी घातलेला कागद तिच्या मांडीवर ठेवला.

"हे तुम्ही लिहिलंय."

"यावर सही नाही."

"नाही. पण नातेवाइकानं लिहिलं असतं तर 'माझे वडील' म्हटलं असतं. डॉक्टर रोग्याला दुखण्याच्या नावानं हाक मारतात. डोन्या चेपा माणसाचं नाव घेते आणि त्याला काय आवडायचं ते सांगते. खाटेचा नंबर कोण म्हणतं या घरात?"

हासिंताने कागदाची घडी आणखी बारीक केली.

"चार नंबरनं... डॉन एवेलियोनं गुरुवारी सकाळी माझं मनगट धरलं," ती म्हणाली. "म्हणाला, 'मुलगी यायचीय. अकरा वर्षांनी. तिच्याशी बोलायचंय ते शुद्धीत बोलायचंय. तुमचं ते औषध घेतलं की शब्द हातातून सुटतात. तिची भेट होईपर्यंत मला देऊ नकोस. आणि त्या डॉक्टरला सांगू नकोस, तो सुई घेऊन येईल.' शपथ घातली मला. मी तीन लिहिलं. तीन लिहिलं की कोणी येत नाही."

"आणि खरं किती होतं?"

"आठ. मग नऊ. मग नऊच." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "रविवारी मुलगी आली, बोलणं झालं, तेव्हाच त्यानं औषध घेतलं. फाइलच्या शेवटच्या पानावर खरे आकडे पेन्सिलीनं लिहून ठेवलेत मी. तारीख-वेळ घालून. खरा आकडा कुठंतरी असायला हवा ना? तो गेल्यावर मला झोप येईना. मंगळवारी पत्र टाकलं. तोंडानं सांगायची छाती नव्हती माझी."

"म्हणून फाइल काढून घेतलीत?"

हासिंताने चमकून वर पाहिलं. "मी? मला तर ती तुमच्या हातात पडायला हवी होती! या गुरुवारी होती कपाटात, मी पाहिली. शनिवारी आले तर नाही. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं, डॉक्टरांनी लपवली."

५

चार वाजता नोएमीने तिघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. चेपाने सवयीने कॉफी ठेवली. कोणी हात लावला नाही.

हासिंताने आपलं सांगितलं. डॉक्टर ऐकत गेले तसे लहान होत गेले.

"मला एका शब्दानं बोलली असतीस, पोरी," ते म्हणाले. "औषध थोडं थोडं, वेगळ्या वेळेला दिलं असतं. माणूस जागा राहतो, बोलतो, आणि दुखणं निम्म्यावर येतं. यात अवघड काय होतं?"

"हे त्यांना माहीत होतं का?" नोएमीने विचारलं. "तुम्ही कधी बसून सांगितलं होतंत?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"आता फाइल," नोएमी म्हणाली. "ती माझ्यापासून लपवली, असं तुम्ही सगळे धरून चाललाय. सकाळी मीही तेच धरलं होतं. पण मी येणार हे कोणाला ठाऊक होतं? कोणालाच नाही. पत्र आल्याचं हासिंताखेरीज कोणाला ठाऊक होतं? कोणालाच नाही. मग जी बाई येणारच नव्हती, तिच्यापासून कोण कशाला काय लपवील?"

तिने कोणाकडेच पाहिलं नाही.

"फाइल गुरुवारी होती, शनिवारी नव्हती. म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी डॉक्टर राजधानीत, हासिंता सुट्टीवर. आणि शुक्रवारीच एकीनं येऊन ती फाइल मागितली. ज्यानं लपवली त्यानं तपासणीला भिऊन लपवली नाही. एका मुलीच्या डोळ्यांपासून लपवली. कपाटाची किल्ली चुलीशेजारच्या खिळ्यावर असते."

डोन्या चेपा उठली. आतल्या खोलीतून चादरींच्या थप्पीखालून निळी फाइल काढून आणली आणि टेबलावर ठेवली.

"घ्या. चोर म्हणा मला," ती म्हणाली. "पेन्सिलीचं पान मला ठाऊक होतं. हासिंता लिहिताना मी तिथंच होते. बाप शांतपणे गेला, असं त्या पोरीला वाटतंय. वाटू दे की! तो तिच्यासाठी तीन दिवस उशी चावत होता, हे कळून तिचं काय भलं व्हायचंय? अकरा वर्षांचा सल निघाला कुठं, तर त्या जागी तुम्ही दुसरा भरणार!"

"डोन्या चेपा चुकीचं बोलत नाहीये," डॉक्टर हळूच म्हणाले.

नोएमीला क्षणभर वाटलं, खरंच, कोणाचं काय जाणार आहे? आपल्या बावीस वर्षांत आपणही किती तीन लिहिले असतील, मान वर न करता. पण तिने फाइल उचलली.

"ही तिची आहे. तिनं मागितलीय," ती म्हणाली. "आणि ती द्यायला तुम्ही दोघी माझ्याबरोबर यायचं."

६

गेलेल्या माणसासाठी इथे नऊ दिवस प्रार्थना करतात; डॉन एवेलियोच्या घरी आठव्या दिवसाच्या प्रार्थनेची तयारी चालली होती. शेजाऱ्यांकडून आणलेली बाकं अंगणात मांडलेली. ग्रिसेलचा नवरा वेंडेल, लिमोन बंदरावरचा उंचापुरा काळा माणूस, शेजारच्या म्हाताऱ्यांना कॉफी वाटत होता आणि त्या त्याला 'बाळा' म्हणत होत्या. अकरा वर्षांपूर्वी याच माणसापायी डॉन एवेलियोने मुलीच्या लग्नाला जायचं नाकारलं होतं. 'किनाऱ्यावरच्या काळ्याला मुलगी देणार नाही,' असं भर बाजारात बोलला होता. गावाला ते ठाऊक होतं.

नोएमीने सगळं थोडक्यात सांगितलं आणि फाइल दिली. ग्रिसेल उभ्यानेच वाचत गेली. शेवटच्या पानाशी थांबली. तिचं बोट पेन्सिलीच्या अक्षरांवरून फिरत राहिलं.

"गुरुवार," ती म्हणाली. "गुरुवारी दुपारी नऊ."

"पोरी, ते—" चेपाने सुरुवात केली.

"थांबा, मावशी. गुरुवारी दुपारी मी फोन केला होता. बाबा कसे आहेत विचारलं. कोण होतं फोनवर?"

"मी," हासिंता म्हणाली.

"तुम्ही म्हणालात, तीन. दहापैकी तीन, छान चाललंय." ग्रिसेलचा आवाज चढला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "माझी बॅग भरलेली होती. वेंडेलनं रजा टाकली होती. तीन ऐकलं आणि मी बॅग पुन्हा उपसली. म्हटलं, शनिवारी पोरीच्या शाळेचा समारंभ आहे, तो करू आणि रविवारी निघू. घाई काय आहे? नऊ म्हणाला असतात, तर मी गुरुवारीच बसमध्ये बसले असते."

चेपाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाप तिकडे मुलीसाठी दुखणं सोसत होता, आणि दुखणं नाही म्हणून मुलगी इकडे थांबली होती. मध्ये होता तो एक आकडा, कोणाच्या तरी भल्यासाठी लिहिलेला.

नोएमीने अनेक घरांत शिव्या ऐकल्या होत्या, एकदा फुलदाणीही झेलली होती. आताही ती त्याच तयारीने उभी होती.

"त्या तीन दिवसांत त्यांच्याजवळ कोण होतं?" ग्रिसेलने अखेर विचारलं.

"दिवसा मी," चेपा म्हणाली.

"आणि बाकी वेळ मी," हासिंता म्हणाली. "पाळी संपली तरी थांबायचे."

"काय बोलायचे?"

हासिंता पुढे झाली. "तुमच्याशी बोलायचे. सराव करायचे. 'ग्रिसेल, तुझ्या लग्नात तुझा हात धरून चालायला मी हवा होतो. तुझ्या नवऱ्यात काही कमी नव्हतं, माझ्यातच कमी होतं.' कळ आली की मध्येच तुटायचं. मग म्हणायचे, 'पुन्हा पहिल्यापासून. कुठं चुकलो ते सांग.' मी सांगायचे."

ग्रिसेलच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, अर्धं हसू आणि अर्धा हुंदका.

"पाठ केलं होतं त्यांनी!" ती वेंडेलकडे वळली. "ऐकलंस? त्या रविवारी भेटल्यापासून मी विचार करतेय, बाबांना एवढं सरळ बोलता यायला लागलं कधी! आयुष्यात दोन वाक्यं धड जोडली नाहीत त्या माणसानं."

वेंडेलने कॉफीची किटली खाली ठेवली आणि तिला जवळ घेतलं. ती बराच वेळ रडली. मग नाक पुसून तिने फाइल छातीशी धरली आणि हासिंतासमोर उभी राहिली.

"तुम्हाला माफ केलं, असं मी आज म्हणणार नाही. खोटं होईल ते, आणि खोटं पुरे झालं. पण उद्या नववा दिवस आहे. दोघी या. सराव कसा करायचे, ते पहिल्यापासून सांगा मला."

बुधवारी सकाळी नोएमीने अहवाल लिहिला. परवाना तीन महिन्यांपुरता चालू. घर स्वच्छ, जेवण चांगलं, नर्स आणि स्वयंपाकीण रोग्याजवळ थांबतात. नर्सने खोटी नोंद केली, तिची चौकशी व्हावी. तिने ती स्वतः उघड केली, हेही लक्षात घ्यावं. डॉक्टर रोग्याजवळ बसत नाहीत. त्यांनी रोज प्रत्येक खाटेशी बसावं, आणि आकडा विचारण्याआधी माणसाला विचारावं. तीन महिन्यांनी न कळवता पुन्हा तपासणी.

डॉक्टर ब्रेनेसनी तो उभ्याने वाचला. वाद घातला नाही. कोटाच्या खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं, एक स्टूल उचललं आणि खिडकीजवळच्या खोलीत गेले. तिथे डोन्या क्लोरिंदा होती, गावातली जुनी शिक्षिका. बारा दिवस तिच्या नावापुढे पांढरी टाचणी होती. नोएमी व्हरांड्यात बॅग भरत होती, तिला दारातून दिसत होतं.

डॉक्टर स्टुलावर टेकले. "डोन्या क्लोरिंदा, कसं आहे?"

"तीन," म्हातारी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"आकडा नाही विचारला मी. कसं आहे?"

म्हातारीने मान वळवून त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसं.

"वेळ आहे तुम्हाला?"

"आहे."

"मग दार लावून घ्या," ती म्हणाली.